कानबाईची वाळू

वास घरातून येत होता. मुकुंदनं आधी स्वतःच्या शर्टाची बाही हुंगली, मग बोटं हुंगली, मग उगाचच खिडकीबाहेर डोकं काढून पाहिलं. मंगळवारची सकाळ होती, अंघोळ नुकतीच झाली होती, मिलला निघायला अजून वेळ होता. उभा जन्म डाईंग मिलमध्ये काढलेल्या माणसाच्या अंगाला तो वास संध्याकाळी असतो, सकाळी नसतो, असा त्या घराचा आणि त्या वासाचा जुना समझोता होता. सून सोनाली त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची आणि त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढायचं नाही. आज मात्र तो वास न बोलावता, थेट देवीच्या कोपऱ्यात येऊन बसला होता. नातीचा, म्हणजे मुलगा सौरभ आणि सोनालीच्या पिहूचा, खुळखुळा पाटाखाली घरंगळला म्हणून मुकुंद वाकला, आणि तेव्हा नाकाला नेमकं कळलं. फरशी आणि भिंत जिथं मिळतात तिथं चिमूटभर वाळू पडलेली होती. माय सकाळी पूजा करताना तांब्यातलं पाणी शिंपडून गेली होती, त्यानं ती भिजली होती. आधी सडक्या अंड्याचा वास, त्याच्यामागून गंजलेल्या लोखंडाचा, आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या मुळाशी बसणारा एक गोडसर वास. मुकुंद तसाच वाकून राहिला. हा वास त्यानं झोपेतही ओळखला असता. मिलच्या मागच्या अंगणात वाळत घातलेल्या गाळाचा तो वास होता.

कानबाई म्हणजे खानदेशी घराची लाडकी लेक आणि धाक घालणारी आजी, दोन्ही एकदम. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, लुगडं नेसवून तिला पाटावर बसवायचं. घरातल्या माणसांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घेऊन त्याचे रोट करायचे, म्हणजे पुरणपोळ्या, आणि त्या घरच्यांनीच खायच्या, पौर्णिमेच्या आत संपवायच्या. सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवून यायचं. येताना नदीची वाळू आणायची, तिच्याच पाटावर मांडून पुजायची आणि तिच्या नावानं घराच्या चारी कोपऱ्यांत टाकायची. त्यांच्या घराण्यात आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली मूठ घरातल्या सगळ्यात लहान हातानं टाकायची, आणि रोट संपेपर्यंत त्या वाळूला झाडू लावायचा नाही. पांझरेकाठच्या गावात मुकुंद सगळ्यात लहान होता तेव्हा ती मूठ त्याची होती. माय त्याच्या मुठीवर आपली मूठ धरायची, बोटांच्या फटीतून पाणी गळून कोपरापर्यंत ओघळ यायचा, आणि गार वाळू तळहाताला नाजूक टोचायची. वाळू टाकून झाल्यावर त्यानं एकदा तळहात चाटून पाहिला होता. कसलीच चव आली नव्हती. पाण्याची असते तेवढीसुद्धा नाही. इतक्या वर्षांनी त्याला ती बेचव वाळू आठवली आणि तोंडाला कोरड पडली.

सुरतेत, पर्वत पाटियाच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला त्यांची सोसायटी होती. खाडी म्हणायचं, पण तिला भरती-ओहोटी कसली, कापडाच्या हंगामावर तिचा रंग बदलायचा. लग्नसराईत लाल, दिवाळीआधी जांभळी. मुकुंद गॅलरीत उभा राहून चहा पिताना मनातल्या मनात सांगू शकायचा की आज वरच्या अंगाला कोणता माल लागलाय, आणि ही विद्या कोणाला बोलून दाखवण्यासारखी नव्हती. गेल्या उन्हाळ्यात त्याच खाडीच्या काठानं फिरायला रस्ता झाला, पायऱ्या झाल्या, बाकं आली, कडेनं कण्हेरी लावली. रस्ता त्याच्या मिलनं बांधून दिला होता. पायऱ्यांशी पिवळी वाळू पसरली होती आणि फलक लावला होता, त्यावर हिरवं पान होतं. त्या पानाखाली काय होतं ते मुकुंदला माहीत होतं, कारण मिलच्या पर्यावरण विभागाचा तो साहेब होता. सांडपाणी शुद्ध केलं की खाली गाळ उरतो. तो उचलून दूर नेऊन रीतसर पुरायला खर्च येतो. शेठला युक्ती सुचली की गाळ वाळवून वाळूत आणि राखेत मिसळावा आणि भरणीला द्यावा, फुकट, मागेल त्याला. कचरा उरला नाही, लोकांचे खड्डे भरले, खाडीचा काठ सजला. शाश्वत विकास, शेठ भाषणात म्हणाले, आणि ते भाषण मुकुंदनंच लिहून दिलं होतं. त्यात त्याला खोटं काही लिहावं लागलं नव्हतं. गाळ पाण्यात भिजला की काय काय सोडतो ते तपासायचं राहिलंय, एवढंच त्यात नव्हतं. तो एकदा म्हणालाही होता. शेठ हसून म्हणाले होते, थई जशे, होऊन जाईल. मग त्यानंही नेट लावला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला हात दाखवून अवलक्षण.

"माय," त्यानं विचारलं, "काल वाळू कुठून आणली?"

माय, पुष्पाबाई, गुडघ्याला तेल चोळत बसली होती. "कोठेथीन म्हणजे? खाडीवरथीन. तापीमायले पूर शे, काठवर जाऊ देत नहीत. आनि हाऊ गुडघा. त्या नवा पायऱ्यासवर गयथूत आम्ही. कशी पिवळीधम्मक वाळू शे तठे, दादा, सोनानी गत."

काल तो सुट्टी घेऊन घरी होता, पण मिरवणुकीबरोबर गेला नव्हता. नेमका फोन आला होता. गॅलरीतून त्यानं फक्त डफाचा आवाज ऐकला आणि चुलतभाऊ हिलालच्या डोक्यावरचा पाट गर्दीतून हलत जाताना पाहिला. हिलाल पॉवरलूमवर काम करायचा, डिंडोलीकडं सखल जागेत त्यानं घर बांधलं होतं, दर पावसाळ्यात पाणी शिरायचं म्हणून या वर्षी सगळी जमीन वर उचलून घेतली होती. काल जेवायला बसला तेव्हा खुशीत होता. "आते पानी नही येत घरमा, भाऊ," तो म्हणाला होता आणि हात जोडून पुढं म्हणाला होता, "तुमनी किरपा." मुकुंदला वाटलं, मोठ्या भावाला म्हणतात तसं म्हणाला. जाताना मायनं हिलालला कागदाच्या पुडीत वाळू दिली, लिंबायतच्यांना दिली, उधन्याच्यांना दिली. भावकीची कानबाई एकच, मग वाळूही सगळ्यांची.

"कोपऱ्यातली उचलून घेऊ का?" मुकुंद म्हणाला. "पिहू रांगते. तोंडात घालेल."

"घाली तं घाली. देवीनी वाळू शे ती. तिले काय व्हई?" मायनं तेलाचा हात पदराला पुसला. "रोट सरू दे. तवलोंग झाडू लावाना नही."

आता सांगायचं, असं त्यानं ठरवलं. वाक्यही तयार होतं. माय, ती वाळू नाही, आमच्या मिलचा गाळ आहे. पण त्या वाक्याच्या शेपटीला दुसरी वाक्यं बांधलेली होती. मग तुम्ही तो तठे टाकला कसाले? मग तुले माहीत व्हतं का? मग आम्ही तठे जातो ते तू वरून दखत व्हता का? माय शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण एकामागून एक प्रश्न विचारण्यात तिचा हात कोणी धरला नसता. आणि ती त्याच्याबद्दल शेजारच्या सरलाबाईंना सांगायची, मना मुकुंदा पानी साफ करस. आख्ख्या सुरतनं पानी. हे ऐकून तो नेहमी ओशाळायचा आणि नेहमी बरंही वाटायचं. त्यानं वाक्य गिळलं. एक समाधान होतं. काल पिहूला लस टोचून आणली होती, अंगात ताप होता, झोपवून ठेवली होती. पहिली मूठ तिची नव्हती. तिचा हात त्या वाळूला लागलेला नव्हता.

माय सरलाबाईंबरोबर खालच्या देवळात गेली, सोनाली पिहूला न्हाऊ घालायला गेली, तेव्हा त्यानं स्वतःच्या घरात चोरी करावी तसं ते काम उरकलं. जुना टूथब्रश आणि कागद घेतला. झाडू लावला नाही, तेवढं मात्र पाळलं. चारी कोपरे खरवडून काढले, ओल्या फडक्यानं पुसले, फडकंही वाळूबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवी डब्याच्या पिशवीत. देवीच्या कोपऱ्यातला शेवटचा कण उचलताना त्याला लहानपणीसारखीच भीती वाटली, की बाई बघते आहे. मग त्यानं स्वतःला समजावलं की बघत असेल तर तिला हेही कळत असेल.

मिलमध्ये जाऊन पिशवी टाकायची कुठं, हा प्रश्न त्याला रस्त्यात पडला. सोसायटीच्या कचऱ्यात टाकली असती तर सफाईवाल्या बाईनं हातानं उचलली असती. खाडीत टाकायची म्हणजे जिथून आली तिथंच. सहारा दरवाजाच्या चौकात सिग्नलला थांबला तेव्हा आजूबाजूला गाठोडी लादलेले टेम्पो होते, साड्यांची गाठोडी, त्यातल्या कुठल्या तरी साडीचा रंग त्याच्या डब्याशेजारी पिशवीत होता. रंग कापडावर बसतो तेवढा साडीच्या नशिबाचा. उरलेला जातो कुठं, हे नेसणारीनं विचारायचं कारण नाही, विकणाऱ्यानंही नाही. ते विचारायला मुकुंदला नेमलं होतं, आणि मुकुंदही विचारत नव्हता. प्रयोगशाळेत पोचल्यावर दार लावून त्यानं बीकरमध्ये पाणी घेतलं आणि चिमूट सोडली. पिवळे कण खाली बसले. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि त्याला वाटलं, चुकलो, नाक म्हातारं झालं. मग तळातून एक जांभळा दोरा सुटला. सावकाश वर आला, पाण्यात वळला, दुसरा सुटला. दिसतो तो रंग, रंगाचं एवढं भय नाही, हे त्याला कळत होतं. रंगाबरोबर जे येतं आणि दिसत नाही, तांब्यासारखं, क्रोमियमसारखं, त्याच्या भीतीनं त्यानं बीकर ओतून टाकला आणि हात पुन्हा पुन्हा धुतला.

शेठ स्वतः आले. भला माणूस होता, नोकरांच्या लग्नाला जायचा. "मुकुंदभाई, शनिवारे बायरवाळा आववाना छे. खाडीवाळो रस्तो बतावजो ने. फोटा सरस आवे छे त्यां." शनिवारी माल घेणारे येणार होते, आणि फोटो चांगले येतात म्हणून त्यांना खाडीचा रस्ता दाखवायचा होता.

"शेठ, ते गाळाचं टेस्टिंग," मुकुंद म्हणाला. आवाज त्याला स्वतःला लांबून आल्यासारखा वाटला. "अभी करा लेते हैं. लोग वहाँ से रेती घर ले जाते हैं."

"रेती? घरे? शा माटे?"

कशासाठी ते सांगायचं, तर कानबाई, नारळ, चार कोपरे, हे सगळं हिंदीत-गुजरातीत कसं सांगायचं ते त्याला सुचेना. देवाचं सांगितलं तर शेठ हात जोडतील, एवढं मात्र नक्की होतं. 

शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अत्यार सुधी कोईने कंई थयुं?" आजवर कोणाला काही झालंय का? झालेलं कोण मोजत होतं? अंगावरचे चट्टे, पोरांची पोटं, बायांचं पडून गेलेलं, याला सुरतेत कोणी झालं म्हणत नाही, हवा मानवली नाही म्हणतात. शेठ गेल्यावर मुकुंद मागच्या अंगणात गेला. गाळ उन्हात पसरला होता, कडेला वाळूचा ढीग, पलीकडे ट्रॅक्टर भरत होता. त्यानं पिशवी मोकळी केली. घरातली वाळू गाळावर पडली आणि ओळखू येईनाशी झाली. आपण एक चांगलं काम केलं असं त्याला क्षणभर वाटलं, आणि लगेच ट्रॅक्टरवाल्यानं फावडं नेमकं तिथंच मारलं. कुठं चालला माल, असं विचारायला त्याचं तोंड उघडलं होतं. त्यानं ते मिटलं.

संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावरच तो थबकला. वास जिन्यात नव्हता, शेजाऱ्यांकडं लसणाची फोडणी पडली होती. तरी त्याला कळलं. दार उघडं होतं. आत उदबत्ती लावलेली होती, आणि उदबत्तीच्या खालून तो येत होता, सकाळपेक्षा मोठा. चारी कोपऱ्यांत पिवळ्या वाळूच्या भरगच्च राशी होत्या. वर हळद-कुंकू वाहिलं होतं. पाटासमोर माय पिहूला मांडीवर घेऊन बसली होती आणि सोनाली हातात फोन धरून त्या दोघींचा फोटो काढत होती.

"उना का, दादा?" मायचा चेहरा थकलेला पण उजळ होता. "दुपारे दखं तं चारी कोपरा कोरा. मना काळीजमा धस व्हयनं. वाळू गयी कोठे? मंग ध्यानमा उनं. पिहूले काल ताप व्हता, म्हनीसन मी मनाच हातथीन टाकी. लहान हातनी पहिली मूठ चुकनी. बाई रुसनी ना. म्हनीसन सरलाबाईले लिसन परत गयथू, हाऊ गुडघा लिसन. आनि आते पहिली मूठ पिहूनीच."

पिहू आजोबांना बघून हसली. तिची उजवी मूठ तोंडात होती, पार मनगटापर्यंत, नवे दात शिवशिवत होते ना. लाळ हनुवटीवरून झबल्यावर गळत होती. झबलं पांढरं होतं आणि त्यावर लाळेचा डाग जांभळा पडला होता.

मुकुंदनं तिला हिसकावलंच. सोनाली ओरडली, बाबा काय करता. तो तिला बेसिनशी घेऊन गेला, मूठ उघडायला बघू लागला. तान्ह्या पोराची मूठ इतकी घट्ट असते हे तो विसरला होता. एकेक बोट सोडवलं. तळहाताच्या बारीक रेघा जांभळ्या झाल्या होत्या, कोणी टाकानं आखून काढाव्यात तशा. त्यानं नळाखाली हात धरला, तोंडात बोट घालून जीभ पुसली, पुन्हा पुसली. पिहू रडून रडून लाल झाली. बेसिनमधून जांभळं पाणी गेलं, मग फिकट, मग साधं दिसायला लागलं, पण त्यानं नळ बंद केला नाही. दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं नसतं, हे त्या घरात एकट्यालाच माहीत होतं, आणि ते माहीत असणं त्याला त्या वेळी अगदी सोसवेना.

"माय," तो म्हणाला. साहेब झाल्यापासून घरातसुद्धा तो पुस्तकातली मराठी बोलायचा. आता ती कुठं गेली कोण जाणे. "ती वाळू नही शे. आमनी मिलना गाळ शे. वाळूमा मिसाडेल. इख शे ते."

सोनालीनं पिहूला त्याच्याकडून घेतलं आणि छातीशी धरून ती दारापाशी जाऊन उभी राहिली, जणू जमिनीवर पाय ठेवायचाही तिला भरवसा उरला नव्हता. "मी दवाखान्यात नेते," ती म्हणाली. "सौरभला सांगा." चपला घालून ती जिना उतरलीही. मुकुंद तिच्यामागं निघाला, तेवढ्यात मायनं हाक मारली.

"तुले कव्हय समजनं?"

"सकाळे."

"वाळू तू झाडी?"

त्यानं मान डोलावली. माय ओरडली असती, कपाळ बडवून घेतलं असतं, तर बरं झालं असतं. ती फक्त कोपऱ्यातल्या राशीकडं पाहत राहिली, जिच्यावर तिनं स्वतः हळद वाहिली होती.

"तू सांगं असतं," ती म्हणाली, "तं मी परत कसाले जातू?"

हे खरं होतं. काल देवीनं पिहूचा हात वाचवला होता. आज तो मुकुंदनं, आपल्या शहाणपणानं, त्या वाळूत घातला होता. खाली सोनालीनं रिक्षाला दिलेली हाक ऐकू आली. माय भिंतीला धरून उठली. आयुष्यात पहिल्यांदा, रोट सरायच्या आत, तिनं दाराआडचा झाडू घेतला. मग तशीच थांबली.

"पुड्या," ती म्हणाली. "मी सगळासले पुड्या दिन्यात. लाव फोन. हिलालले पहिले लाव. त्यानं पोरगं रांगतं शे."

मुकुंदनं नंबर लावला. मायला ऐकू यावं म्हणून त्यानं आवाज मोठ्यावर ठेवला. हिलालनं दुसऱ्याच घंटेला उचलला. मागं टीव्ही चालू होता, भांडी वाजत होती, आणि अगदी जवळ, खालून, एक पोर स्वतःशीच काहीतरी गात होतं. मुकुंदनं सांगितलं. मिल, गाळ, वाळू, पुडी, घरात टाकली असशील तर उचल, पोराला हात लावू देऊ नको. 

हिलाल हसला. मोठ्या भावाला समजावताना हसावं तसा. "पुडीनं काय लई बठनात, भाऊ? मना घरनी आख्खी भरणीच त्यानी शे. उन्हाळामा मिलना गेटवर तुमनं नाव सांगं, तं दोन ट्रॅक्टर फुकट टाकी गयात. ओटा, न्हाणी, निजानी खोली, सगळं. फरशी अजून बशेल नही, वर नुसतं शेणनं सारवेल शे. काल म्हनं ना तुमले, तुमनी किरपा."

माय झाडू धरून मुकुंदकडं पाहत होती. फोनमधलं पोर रांगत आणखी जवळ आलं असावं, त्याचं गाणं मोठं झालं.

"हिलाल," मुकुंद म्हणाला, "पोराले उचल. पहिले पोराले जमीनवरथीन उचल."

पलीकडे टीव्ही बंद झाला. हिलालचा आवाज आला तेव्हा त्यात हसू नव्हतं.

"उचलीसन ठेवू कोठे, भाऊ?" त्यानं विचारलं.